चौऱ्याहत्तर किलो

काशीबाईंनी पंधरा दिवस आधी अनारशांचे तांदूळ भिजत घातले, तेव्हा रावजींनी ते पातेलं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून वर्तमानपत्र उघडलं. त्या घरात यालाच होकार म्हणत.

सन पंच्याऐंशीचा अधिक श्रावण होता. धोंड्याचा महिना आला की जावयाला जेवू घालायचं, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, हे काशीबाई बोरगावहून निघताना पेटीत घालूनच बहरीनला आल्या होत्या. पण मागचा अधिक महिना आला तसा गेला. हेमा आणि तिचा नवरा याच मनामा शहरात, गाडीने दहा मिनिटांवर राहत होते, आणि काशीबाईंनी वाण शेवटी सुकातल्या, म्हणजे जुन्या बाजारातल्या, देवळात नेऊन ठेवलं. कारण रावजींच्या लेखी त्यांना जावईच नव्हता. लेकीने मुंबईला जाऊन एका इराणी कुस्तीगिराशी रजिस्टर लग्न केलं, त्या दिवसापासून ते त्या माणसाशी एक शब्दही बोलले नव्हते. पाच वर्षं झाली. अबोला धरण्यात रावजींचा हात कोणी धरला नसता.

यंदा मात्र काशीबाईंनी कुणाला विचारलंच नाही. पुरण वाटता वाटता त्या विवेकला म्हणाल्या, "इराणी असंल, मुसलमान असंल, पर माझ्या लेकीचा नवरा हाय का न्हाई? मग जावई झाला. धोंडं जात बघून करत्यात व्हय?"

"मी कुठे नाही म्हणतोय, आई?" विवेक म्हणाला. "उलट मीच तर सांगितलं, याच शुक्रवारी बोलाव म्हणून. आणि भरपूर कर. तुपाला कमी करू नकोस. तो लाजतो, त्याला आग्रह कर."

काशीबाईंनी लेकाकडे जरा नवलाने पाहिलं. बहिणीच्या लग्नात सगळ्यात जास्त आदळआपट यानेच केली होती. आता याला मेव्हण्याचा एवढा उमाळा कुठून आला? पण घरात गोडवा येत असेल तर त्याची चौकशी करू नये, असं ठरवून त्यांनी पुरणात वेलदोडा जास्तच घातला.

*

विवेकला आपल्या उमाळ्याचं कारण ठाऊक होतं आणि त्याला त्याची थोडी लाजही वाटत होती. थोडीच.

ताहिर हा काही साधासुधा गडी नव्हता, हे विवेकही मान्य करत असे. चौऱ्याहत्तर किलोंच्या गटात तीन वर्षं सलग इराणचा विजेता. शहात्तरच्या ऑलिम्पिकला अजून लहान, कच्चा म्हणून वगळला. ऐंशी साली तो तयारीत होता, तर त्याचा देशच मॉस्कोला गेला नाही. चौऱ्याऐंशी साली तो पुन्हा तयारीत होता, देश पुन्हा गेला नाही. मधल्या काळात तो मामाकडे म्हणून चार महिन्यांसाठी बहरीनला आला, गॅरेजात इंजिनं उघडू लागला, आणि विम्याचे कागद घेऊन आलेल्या हेमाच्या प्रेमात पडला. आता वय बत्तीस. एक मुलगी, आमिना, चार वर्षांची. आणि तेहरानहून निरोप आलेला: जागतिक स्पर्धेसाठी निवड आहे, दहा ऑगस्टला, शनिवारी सकाळी वजन. उतरायचं असेल तर या.

तिकडे युद्ध चालू होतं. वसंतात शहरांवर बॉम्ब पडले होते. गेलेल्या माणसाला परत निघू देतील की गणवेश चढवून सीमेवर धाडतील, कोण सांगणार? विवेकने आपल्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात चार साहेबांच्या हातापाया पडून ताहिरसाठी स्टोअर सुपरवायझरची जागा मिळवली होती. रुजू व्हायची तारीख तीच, दहा ऑगस्ट. ताहिरने ते पत्र दोनदा वाचलं, मनापासून आभार मानले, आणि मंगळवारचं दुबईमार्गे तिकीट काढलं.

मग विवेकला एक आकडा कळला. ताहिरचं वजन सत्त्याहत्तरच्या आसपास अडकलं होतं. तीन किलो उतरवायचे होते, आणि वजनाच्या दिवशी शंभर ग्रॅम जरी जास्त भरलं तरी गडी बाद. अशा माणसाला पाच वर्षांनी पहिल्यांदा सासूने ताटावर बसवलं तर तो नाही म्हणणार नाही. एका जेवणाने माणूस बाद होत नाही, पण त्याचा धीर सुटतो. हिशेब एवढाच होता, आणि तो करणारा माणूस इंजिनिअर होता.

शुक्रवारी ताहिर हेमा आणि आमिनाला घेऊन बरोबर एक वाजता आला. पांढरा शर्ट, कुस्तीने मुडपून गोळा झालेले कान, हातात सुकातून आणलेला पिस्त्यांचा डबा. दारात चपला काढून त्याने काशीबाईंना वाकून नमस्कार केला. तो हेमाने शिकवला असावा, कारण जरा जास्तच खाली वाकला.

"बसा, जावईबापू," काशीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पाट पुढे सरकवला.

रावजी समोरच्या पाटावर बसले होते. त्यांनी मान हलवली नाही, पण उठूनही गेले नाहीत.

ताटात पुरणाचे पाच धोंडे, वर तूप. वरणभात, कुरडया, कटाची आमटी. ताहिरने ताटाकडे पाहिलं, मग हेमाकडे पाहिलं. हेमा आमिनाचा घास कालवत होती. तिने मान वर केली नाही. ताहिरने पहिला धोंडा उचलला.

"घ्या की आनखी," काशीबाई म्हणाल्या. "एकानं काय हुतंय?"

त्याने दुसरा खाल्ला. तिसरा. काशीबाई तुपाची वाटी घेऊन उभ्याच होत्या. विवेक म्हणाला, "यल्ला ताहिर, खाओ, खाओ. आई ने दो दिन से बनाया है." आणि म्हणताना त्याला आपलाच आवाज ऐकू आला. तो त्याला आवडला नाही, तरी तो थांबला नाही.

पाच झाले. काशीबाईंनी सहावा वाढला.

*

रावजी जेवत होते, पण त्यांचं लक्ष जेवणात नव्हतं. बोरगावच्या तालमीत अंगाला माती लागलेला माणूस समोर दुसरा पैलवान बसला की त्याची मान आणि मनगटं बघतोच. त्याला इलाज नसतो. मान पाहून झाली, मनगटं पाहून झाली, मग त्यांना ओठ दिसले. कोरडे, चिरलेले, कोपऱ्यात पांढुरके. आणि ताटाशेजारचा तांब्या. तांब्याभर थंड पाणी वाढलं होतं, ते काठाला टेकलेलं तसंच होतं.

बाहेर बेचाळीस डिग्री. सहा धोंडे, वर तूप. आणि हा माणूस पाण्याला शिवत नाही.

"पानी क्यूं नहीं पीता?" रावजी म्हणाले.

पाच वर्षांतला पहिला शब्द. काशीबाईंच्या हातातली वाटी कलंडली.

ताहिरने घास गिळला. "ऐसे ही, आप्पा."

"ऐसे ही कोई नहीं करता. वजन कितना करना है?"

"चौहत्तर."

"कब?"

"अगला शनिवार."

"काशी," रावजी म्हणाले, "ताट उचल."

"आवं, असं कुठं असतंय व्हय! जेवत्या माणसाचं ताट—"

"उचल म्हणतोय न्हवं. त्याचं वजन करायचं हाय, आन तू त्याला तुपात बुडवतीयास."

"आप्पा, पहिल्यांदा आलाय, जेवू दे ना त्याला," विवेक मध्येच म्हणाला. म्हणायला नको होतं. रावजींनी मान वळवून लेकाकडे पाहिलं. पन्नास माणसांवर फोरमनकी केलेली ती नजर होती.

"तुला म्हाईत हुतं."

विवेक आमटीची वाटी उगाच इकडून तिकडे सरकवू लागला.

"बोल. म्हाईत हुतं का न्हाई?"

"होतं," विवेक म्हणाला. "हो, होतं. आणि मीच आईला सांगितलं, आजच बोलाव. मग? काय चुकलं माझं? तिथे युद्ध चाललंय, आप्पा. याला परत येऊ दिलं नाही तर हेमाने काय करायचं? या पोरीने काय करायचं? बत्तीस वर्षांचा आहे तो. निवडीला वीस-बावीसची पोरं येणार. मी नोकरी आणून हातात ठेवली, ती नको. समजावलं, ते नको. भांडून ऐकत नाही. मग दुसरं काय करायचं होतं मी?"

"माझ्या धोंड्याला तू इख केलंस," काशीबाई म्हणाल्या.

त्या मोठ्याने बोलल्या नाहीत. वाटी खाली ठेवून त्या सावकाश पाटावर बसल्या. "दोन रोज राबले मी. वाटलं, पोरगं निवळलं. बहिणीचा नवरा आपला म्हणाया लागलं. आन तू मला म्होरं करून त्याच्या मुंडीवर..." सकाळपर्यंत त्यांचंही मत हेच होतं की जावयाने मुकाट नोकरी धरावी आणि घरात राहावं. पण आता त्या डोळे पुसून म्हणाल्या, "जाऊ दे त्याला. माझ्या अन्नानं कुणाची वाट अडायची न्हाई."

"आई, भावनेच्या भरात—"

"गप बस, विवेक," रावजी म्हणाले.

ते हात धुवायला उठले नाहीत. उष्टा हात तसाच ताटावर धरून बोलत राहिले, आणि बोलत होते ते विवेकशी, पण बघत होते खिडकीबाहेर.

"एक्कावन्न साली सांगलीच्या मैदानात माझी जोड लागली हुती. म्हैनाभर आधी ठरलेली. आन थोरल्या भावानं हितनं कागद धाडला, की जागा हाय, बोट मंगळवारी सुटतीय. समदं घर मागं लागलं. वडील म्हणालं, कुस्त्या काय, पुढच्या साली बी हुतील. बसलो बोटीत. त्यो गडी मैदानात लांग कसून हुबा राहिला. मी गेलोच न्हाई म्हणून पंचांनी त्याचा हात वर केला."

"हे सगळं आम्हाला माहीत आहे, आप्पा."

"हसाया म्हाईत हाय तुमास्नी. दर दिवाळीला मीच हसत सांगतो न्हवं." रावजींनी आता लेकाकडे पाहिलं. "हरलो असतो तर कवाच इसरलो असतो. अजून बी त्यो गडी हुबा दिसतोय मला."

ताहिरला मराठी तुटक समजे. त्याने हेमाकडे पाहिलं, तेव्हा तिने सगळं त्याला हळू आवाजात हिंदीत सांगितलं. सांगताना तिने एकही शब्द गाळला नाही.

ताहिर उठून उभा राहिला. हात पुढे धरून तो विवेकपाशी गेला, आणि विवेकला क्षणभर वाटलं की आता आपण उचललो जाणार. पण त्याने खांद्यावर हात ठेवला.

"भाई, तुम हमारा अच्छा सोचता है. मालूम है. लेकिन सुनो. पहला बार मैं छोटा था. दूसरा बार देश नहीं गया. तीसरा बार देश नहीं गया. अभी देश जाता है, तो मैं बुड्ढा है." तो हसला, तशी ओठाची चीर उघडली. "बुड्ढा भी जाएगा. बच्चा लोग मेरे को गिराएगा तो ठीक है, खलास. मैं खुद देखेगा, कैसे गिराया."

"और हेमा?" विवेकने विचारलं.

"हेमा ना बोलेगी तो नहीं जाएगा. पहला दिन से बोला है. हेमा अभी तक कुछ नहीं बोली."

सगळ्यांच्या नजरा हेमाकडे वळल्या. हेमाने आमिनाचं तोंड पुसलं, ताटं एकात एक रचली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

*

पाच वाजता रावजींनी टोपी घातली. "जेवल्या अंगानं पळू नगं म्हणून थांबलो. चला आता. हेमा, गाडी काढ. तुबलीला काट्यावर जाऊ."

"आजच्या आकड्याने काय कळणार, आप्पा?" हेमाने विचारलं.

"किती चढलंय त्ये कळंल. न कळता किती उतरवायचं, कसं ठरवणार?"

हेमाने गाडी काढली. शेजारी आप्पा, मागे ताहिर. आमिना आजीपाशी झोपली होती. रस्ते शुक्रवारचे, रिकामे. गाडी चालवताना हेमाच्या मनात एकच आकडा फिरत होता. सत्त्याहत्तर. तो आकडा दोनच माणसांना माहीत होता: रोज पहाटे वजन करणाऱ्या ताहिरला, आणि ते वहीत लिहिणाऱ्या तिला. दादाने तो कुठून मिळवला, हे आज कुणीच विचारलं नव्हतं. दादाने स्वतःवर सगळं घेतलं, आणि तिने घेऊ दिलं. भाऊ म्हणून तो किती चांगला आहे, हे तिला नेमकं अशाच वेळी कळत असे, आणि तिचा जीव शरमेने लहान व्हायचा.

तुबलीत रावजी ज्या वर्कशॉपात निवृत्तीपर्यंत फोरमन होते, त्याची किल्ली अजून त्यांच्याकडे होती. पत्र्याच्या शेडमध्ये भंगार तोलायचा मोठा काटा होता. लोखंडाचा सपाट चौथरा, वर सरकतं वजन. रावजींनी आधी फडक्याने चौथरा पुसला, काटा शून्यावर आणला.

"कपडा उतारो."

ताहिर चड्डीवर उभा राहिला. रावजींनी वजन सरकवलं, थांबले, आणखी सरकवलं. मग मागे होऊन त्यांनी जावयाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि म्हणाले, "बायां खांदा खुला छोड़ता है तू. पकड़ में जाते टाइम. लड़का लोग उधर से ही घुसता है."

ताहिर चौथऱ्यावरच वळला. "आप को कैसे मालूम?"

रावजींनी टोपी काढून पुन्हा घातली. "तेरा कुस्ती क्लब का पीछे खिडकी है. मंगळवारी बंद नहीं करते वो लोग."

"कब से, आप्पा?"

"तीन साल."

हेमाने तोंडावर हात धरला. पाच वर्षांच्या अबोल्यातली तीन वर्षं हा म्हातारा दर मंगळवारी भाजी आणायला म्हणून बाहेर पडत होता, आणि दोन तासांनी कधी नुसती कोथिंबीर घेऊन येत होता. आई त्यावरून किती बोलायची! तिला हसूही आलं आणि रडूही आलं.

"पहारेकऱ्याला सांगून येतो, न्हाईतर त्यो चोर म्हणून वरडंल," असं म्हणून रावजी शेडबाहेर गेले. ते मुद्दामच गेले, हे दोघांनाही समजलं.

हेमा काट्यापाशी आली. अजून एक मिनिट थांबली असती तर तिला कधीच बोलता आलं नसतं.

"दादा को मैं ने बताया था," ती म्हणाली. "तुम्हारा वजन. मैं ने फोन किया था. खाने का भी मुझे मालूम था."

ताहिर चौथऱ्यावरून उतरला नाही. "मालूम था."

"कब?"

"थाली देखा, तब. नंबर मेरे पास है और तुम्हारे पास है. मैं ने तो भाई को नहीं बोला."

"मालूम था तो खाया क्यूं? छह छह!"

ताहिरने जरा विचार केला. त्याची हिंदी तुटपुंजी होती, आणि जी गोष्ट नीट सांगायची असे ती तो सावकाश सांगत असे.

"मैं तुम को बोला, ना बोलो तो नहीं जाएगा. तुम ने ना नहीं बोला. खाना दिया." त्याने पोटावर हात ठेवला. "ना बोलती तो मैं क्या करता? ना कम नहीं होता. खाना कम होता है."

हेमाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने ते पुसलं नाही. ती घाबरली होती, गेले दोन महिने रोज रात्री घाबरत होती: त्याला धरून नेतील, तो परत येणार नाही, आमिना मोठी होईल आणि विचारील. हे सगळं तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. नाही म्हटलं असतं तर तो खरोखर थांबला असता, आणि मग जन्मभर रोज सकाळी इंजिनाखाली सरकणारा तो माणूस तिला पाहावा लागला असता. म्हणून तिने नाही म्हणायचं काम पुरणाकडे सोपवलं होतं.

"मुझे बहुत डर लगता है, ताहिर."

"मेरे को भी," तो म्हणाला. "अभी बोलो. हां या ना. जो बोलेगी, खलास, वही."

शेडच्या दाराशी रावजींची पावलं वाजली आणि थांबली. पत्र्यावर कडक ऊन होतं. समोर खाडीच्या कडेने लांबवर मातीचा रस्ता गेलेला दिसत होता. त्यावर माणूस नव्हता.

हेमाने काट्यावर वाकून आकडा वाचला. पदराने डोळे पुसून तो पुन्हा वाचला, कारण तो चुकवून चालणार नव्हता.

"अठहत्तर, दो सौ," ती म्हणाली. "चार किलो दो सौ उतारना है. आठ दिन है." मग तिने त्याचा शर्ट आपल्या खांद्यावर घेतला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "भागो."